दुधाची पावडर, निपल, काटा, लिटर: मांजराच्या पिल्लांच्या फोस्टर-सामानाची झाडाझडती

आईवेगळं मांजराचं पिल्लू घरात आलं की पहिल्या तासाभरात तीन वस्तूंची खरेदी होते. कोपऱ्यावरच्या डेअरीतलं गायीचं दूध, मेडिकलमधला ड्रॉपर आणि पेट शॉपवाल्याने पुढे केलेला गुलाबी ‘किटन सेट’. सेटवाचून काही अडत नाही. दूध आणि ड्रॉपर मात्र घेऊच नयेत.

फोस्टर करणं म्हणजे पक्कं घर मिळेपर्यंत पिल्लू तात्पुरतं सांभाळणं. इथे पाहिलंय ते पिल्लू पंधरा दिवसांचं असल्यापासून आठ-नऊ आठवड्यांनी दत्तक घरी जाईपर्यंत लागणारं सामान. वस्तू दिसते कशी, याला मार्क नाहीत. पहाटे तीन वाजता अर्धवट झोपेत एका हाताने वापरता येते का, पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत टिकते का, ब्लीचने धुता येते का आणि तिच्यामुळे वजनकाट्यावरचा आकडा वाढतो का, एवढेच प्रश्न. निकाल आधीच सांगून टाकायचा तर पावडर, निपल आणि वजनकाटा या तिघांवर हात आखडू नये. उरलेल्यातलं बहुतेक घरात आहेच.

दुधाची पावडर

गायीच्या दुधात प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आत-बाहेर असतात. मांजरीच्या दुधात सात-आठ टक्के. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो, पण प्रथिनं चार-साडेचारच्या पुढे जात नाहीत. सगळे लॅक्टोजला शिव्या घालतात, पण लॅक्टोज मांजरीच्या दुधातही असतंच. घोळ असा होतो की गायीच्या दुधातून पुरेशी ऊर्जा मिळवायला पिल्लाला ते जास्त प्यावं लागतं, मग साखरेचा बोजा वाढतो आणि हगवण लागते. हगवण लागली म्हणून लोक दुधात पाणी घालतात. म्हणजे होती ती ऊर्जाही गेली. शिवाय मांजराला जन्मभर अन्नातूनच घ्यावं लागणारं टॉरीन गायीच्या दुधात नगण्य असतं; ते दीर्घकाळ कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचे स्नायू बिघडतात.

म्हणून पावडर लागते. भारतात सहज सापडणाऱ्यांपैकी दोन बघू: अमेरिकेच्या पेटएजीची ‘केएमआर’ आणि रॉयल कॅनिनचं ‘बेबीकॅट मिल्क’.

केएमआरच्या डब्यावर प्रथिनं किमान ४२ टक्के आणि स्निग्धांश किमान २५ टक्के लिहिलेला असतो. हे कोरड्या पावडरचे आकडे. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: मापाने एक भाग पावडर, दोन भाग कोमट पाणी. कुठलाही चमचा चालतो, फक्त दोन्हीला तोच हवा आणि पावडर दाबून भरायची नाही. ३४० ग्रॅमच्या डब्यात साधारण दीड लिटर दूध होतं. पंधरा दिवसांच्या एका पिल्लाला बाहेरचं खाणं सुरू होईपर्यंत तेवढं जवळपास पुरतं. चार पिल्लं असतील तर ७९४ ग्रॅमचा मोठा डबा परवडतो. खोट एकच, आणि ती आपल्या हवेमुळे. डबा उघडला की दमटपणा आत जातो. उघडलेला डबा फ्रिजमध्ये तीन महिने, फ्रीझरमध्ये सहा महिने चालतो, असं डब्यावरच लिहिलेलं असतं. जुलैत अंधेरीच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवायची ही वस्तू नव्हे. चांगली पावडर साय-रंगाची असते आणि तिला दुधाचाच वास येतो. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर डबा टाकून द्यावा, कितीही भरलेला असला तरी.

बेबीकॅट मिल्कच्या ३०० ग्रॅमच्या खोक्यात १०० ग्रॅमची तीन सीलबंद पाकिटं असतात, सोबत माप, बाटली आणि निपल. एक पाकीट फोडलं तरी दोन कोरडी राहतात, म्हणून एक-दोन पिल्लांच्या घरात आणि किनारपट्टीला हेच सोयीचं. पाण्यात ही पावडर लवकर विरघळते, गाठी कमी होतात. ग्रॅमच्या हिशेबात महाग पडते. पुण्या-नाशकात, फ्रिज हाताशी असताना, पिल्लं तीन-चार असताना केएमआर. एकटं पिल्लू आणि दमट घर असेल तर बेबीकॅट. दोन्ही दूध म्हणून उत्तम. एका पावडरवरून दुसरीवर जायचं असेल तर तीन-चार दिवस घ्यावेत: आधी पाव भाग नवी, मग अर्धी, मग पाऊण. एकदम बदललं की पोट बिघडतं आणि खापर नव्या पावडरवर फुटतं.

घेताना आयातदाराचं लेबल आणि मुदतीची तारीख पाहावी. दुकानदाराने मोठा डबा फोडून झिपच्या पिशव्यांत भरलेली सुटी पावडर स्वस्त असते. ती किती दिवस उघडी होती, हे मात्र पिशवीवर लिहिलेलं नसतं. ‘कॅट मिल्क’ असं नाव असलेलं छोट्या खोक्यातलं तयार दूध मोठ्या मांजरांच्या खाऊचं असतं, पिल्लाच्या पोषणाचं नव्हे. तान्ह्या मुलांचं सेरेलॅकही पिल्लाच्या कामाचं नाही. पावडर यायला एक रात्र लागणार असेल तर तेवढ्यापुरतं उकळून कोमट केलेलं शेळीचं दूध द्यावं. चोवीस तासांच्या वर ते लांबवू नये.

दूध कालवताना पाणी चांगलं कोमट घ्यावं. उकळतं घातलं तर प्रथिनं गोळा होऊन गुठळ्या बसतात. जेवणाच्या काट्याने फेटावं, चहाच्या गाळणीतून गाळावं आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवावं, म्हणजे फेस बसतो. फेसाळ दूध पाजलं की पिल्लाच्या पोटात वारा धरतो, ते रडत राहतं आणि आपण ‘भूक असेल’ म्हणून आणखी पाजतो. कालवलेलं दूध फ्रिजमध्ये चोवीस तास, बस्स. लागेल तेवढंच वेगळं काढून गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून गरम करायचं. मायक्रोवेव्हमध्ये एक घोट गार आणि दुसरा चटका देणारा, असं होतं. थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकला तर ना गरम ना गार वाटला पाहिजे.

किती पाजायचं? डब्यावरचा हिशेब ११५ ग्रॅम वजनाला दिवसाला ३० मिली, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण २५ मिली. पण दिवसाचा आकडा एकटा उपयोगाचा नाही. पिल्लाच्या पोटात एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे चारेक मिलीच आरामात मावतात. २५० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला ६०-६२ मिली हवं, एका वेळी मावणार १० मिली. म्हणजे सहा वेळा, दर चार तासांनी. पाच वेळांत उरकायचं म्हटलं की प्रत्येक वेळी दोन मिली जास्त जातात आणि दुसऱ्या दिवशी पिवळट-करडी, दह्यासारखी फुटलेली शी होते. अशी शी दिसली की औषधाआधी मोजमाप तपासावं. दहापैकी बहुतेक वेळा जास्त पाजल्यामुळेच ती होते. उलट शी खडा झाली तर पावडर जास्त पडते आहे किंवा पाणी कमी.

पहिल्या आठवड्यातलं पिल्लू असेल तर दर दोन तासांनी, दुसऱ्यात दोन-तीन तासांनी, तिसऱ्यात तीन-चार, चौथ्यात चार-पाच. साधारण तीन आठवड्यांपर्यंत दर पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने खालची जागा हलकेच चोळावी लागते. त्याशिवाय सू-शी होत नाही. बाजारातले सुगंधी ओले वाइप्स यासाठी वापरू नयेत, कातडी सोलते.

बाटली आणि निपल

सगळ्या सामानात दुबळा दुवा हाच. खोक्यासोबत येणाऱ्या बाटल्यांच्या बहुतेक निपलना भोक नसतं. ते आपण पाडायचं असतं आणि हे माहीत नसल्यामुळे ‘पिल्लू पीतच नाही’ अशी तक्रार होते. सुई सांडशीत धरून गॅसवर लाल करावी आणि निपलच्या टोकातून आरपार काढावी. कात्रीने कापू नये, भोक नेहमी हवं त्यापेक्षा मोठंच होतं. बाटली उलटी धरल्यावर एकेक थेंब सावकाश जमला पाहिजे. धार लागली तर ते निपल बाद. नाकातून दूध येणं हे मोठ्या भोकाचं पहिलं लक्षण. दूध फुप्फुसात गेलं की एक-दोन दिवसांत पिल्लू मलूल होतं, खोकतं, तोंड उघडं टाकून श्वास घेतं. त्या वेळी घरगुती उपाय नाही, थेट डॉक्टर.

बाटलीसोबतच्या निपलची दुसरी अडचण आकाराची. पंधरा दिवसांच्या आतल्या पिल्लाच्या तोंडात ती मावत नाहीत. त्यासाठी ‘मिरॅकल निपल’ नावाचं सिलिकॉनचं छोटं निपल मिळतं, ते स्क्रूशिवायच्या साध्या तोंडाच्या सिरिंजवर दाबून बसतं. त्याचं टोक मांजरीच्या आचळाच्या जवळ जाणारं आहे, पिल्लू स्वतः ओढतं आणि सिरिंजवरच्या रेघांमुळे किती मिली गेलं ते कळतं. या यादीतली पैशांच्या मानाने सगळ्यात जास्त उपयोगाची वस्तू हीच. आपल्याकडे ती बहुधा ऑनलाइनच मिळते, म्हणून विणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन मागवून ठेवावीत.

सिरिंज मात्र नीट निवडावी. साध्या डिस्पोजेबल सिरिंजचा काळा रबर दोन-चारदा धुतल्यावर अडकायला लागतो; मग अंगठ्याने जोर दिला की दांडा झटक्यात पुढे जातो आणि दोन मिली एकदम घशात. ओ-रिंगची सिरिंज (दांड्याच्या टोकाला गोल कडी असलेली) असेल तर ती महिनाभर सरळ चालते. नसेल तर साध्या ३ किंवा ५ मिलीच्या दहा-बारा आणाव्यात आणि रोज बदलाव्यात. दांड्याला खोबरेल तेलाचं बोट लावलं की तात्पुरती सुटते, पण त्यावर फार विसंबू नये. दांडा दाबायचा नसतोच खरं तर. पिल्लाने ओढावं आणि आपण फक्त मागून साथ द्यावी.

ड्रॉपर, चमचा, कापसाची वात आणि जुन्या घरांत अजून सापडणारं बोंडलं यांत दूध ओतलं जातं, चोखलं जात नाही. गिळण्याची आणि श्वासाची लय चुकते ती तिथेच. पाजताना पिल्लू पालथंच हवं, पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं मांडीवर घेतलेलं फोटोत छान दिसतं; दूध श्वासनलिकेत जायला ती सगळ्यात सोपी अवस्था.

निपल आणि सिरिंज साबणाने धुऊन, निपल पाच मिनिटं उकळून कोरडं करावं. रबरी निपल दोन-तीन आठवड्यांत चिकट होतं आणि भोक पसरतं. तेव्हा बदलावं.

काटा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. एसएफ-४०० नावाने सगळीकडे मिळणारा पांढरा काटा या कामाला पुरतो: १० किलो क्षमता, एक ग्रॅमचा टप्पा, दोन पेन्सिल सेल, किंमत तीन-चारशेच्या आसपास. पेट शॉपमधले कान-शेपटी छापलेले काटे तेच वजन जास्त पैशांत सांगतात. दोष दोन. वर मोठं भांडं ठेवलं की आकडा झाकला जातो, म्हणून उंच आणि अरुंद प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. पिल्लू त्यात बसूनही राहतं. दुसरं म्हणजे पिल्लू वळवळलं की आकडा नाचतो, कारण आकडा धरून ठेवायची सोय नसते. डब्यात फडकं घालून शून्य करावं, तीन वेळा बघून मधला आकडा लिहावा. सेल उतरले की काटा खोटं बोलतो. न फोडलेली एक किलो मिठाची पिशवी महिन्यातून एकदा ठेवून पाहावी, वेष्टनाचे काही ग्रॅम सोडून.

वजन रोज त्याच वेळी, पाजण्याआधी. जन्मतः ९० ते ११० ग्रॅम, नंतर रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढ, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला ४०० ते ४५०. चोवीस तासांत वाढ शून्य असेल तर दूध, तापमान, शी तपासायची. वजन उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू खेळकर दिसत असतानाही काटा आधी बोलतो.

ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती २९ ते ३२ अंश हवेत, चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत २४ पुरतात. मे महिन्यात मुंबईत काही करावं लागत नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री, आणि कुठेही एसीच्या खोलीत, करावंच लागतं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये: आतडी थांबलेली असतात, दूध पोटात सडतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. आधी अंगाशी धरून तासाभरात हळूहळू ऊब द्यायची, हिरड्यांना साखरेच्या पाण्याचा थेंब लावायचा, मग दूध.

मेडिकलमधली रबरी गरम पाण्याची पिशवी या कामाला पहिल्या नंबरची. अर्धी भरायची, हवा काढायची, टॉवेलमध्ये गुंडाळायची आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे पिल्लाला बाजूला सरकता येतं. तोटा लोकांच्या लक्षात येत नाही: चार-पाच तासांनी निवलेली पिशवी पिल्लाच्या अंगातली ऊब उलट ओढून घेते. रात्री गजर लावून पाणी बदलता येत नसेल तर पिशवी न ठेवलेली बरी, त्यापेक्षा जाड पांघरूण आणि भावंडं. कंबरदुखीचे विजेचे पट्टे पिल्लाखाली ठेवू नयेत; त्यांचा ताप माणसाच्या कातडीच्या हिशेबाने ठरवलेला असतो, भाजल्याचं दुसऱ्या दिवशी केस गळल्यावर कळतं. बल्बचा जुना उपाय आता बाद, कारण घरात आहेत ते एलईडी आणि त्यांना ऊब देण्याइतकी उष्णता नाही.

अंथरायला जुनी सुती साडी किंवा टी-शर्ट. टर्किश टॉवेलच्या फाशांत आणि गोधडीच्या टाक्यांत पिल्लाची नखं अडकतात, वर गोधडी पावसाळ्यात वाळता वाळत नाही. फ्लीसचा (मऊ, लोकरीसारख्या कृत्रिम कापडाचा) तुकडा मिळाला तर सर्वांत चांगला.

लिटर

तीन-साडेतीन आठवड्यांनी सू-शीसाठी ट्रे ठेवायचा, आणि त्यात लिटर, म्हणजे सू-शी शोषून घेणारा थर. कड चार-पाच सेंटिमीटरच्या वर नको; मिठाईच्या खोक्याचं झाकण किंवा फुलझाडाच्या कुंडीखालची ताटली चालते. दुकानातला झाकणाचा मोठा ट्रे पुढच्या घरासाठी.

बेंटोनाइटची गोळा होणारी माती मोठ्या मांजरांसाठी सगळ्यात चांगली, वास धरते, गोळे उचलले की काम झालं. पिल्लांना तीन-चार महिन्यांपर्यंत नको. ती सगळं चाखून बघतात आणि पाण्याने फुगणारी माती पोटातही फुगते. सोयाबीनच्या चोथ्याची ‘टोफू’ लिटर त्या मानाने बरी, धूळ कमी. पण बंद पाकीट फोडल्यावर दमट हवेत बुरशी धरते आणि किडे होतात, तेव्हा सहा-सात लिटरची पिशवी एकट्या पिल्लासाठी पावसाळ्यात घेऊ नये. फ्लश करता येते असं पाकिटावर असलं तरी जुन्या चाळींच्या आणि सोसायट्यांच्या पाइपांवर तो प्रयोग टाळावा. लाकडाच्या गोळ्या स्वस्त, गोळा होत नाहीत, ओल्या झाल्या की भुसा होतो. जाळीचा ट्रे असेल तर उत्तम, नसेल तर रोज सगळं उपसावं लागतं. सिलिकाचे खडे पिल्लांच्या घरात आणूच नयेत.

ट्रे सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस वर्तमानपत्राच्या बोटभर पट्ट्याच पुरतात. फुकट आहेत, रोज टाकून देता येतात, आणि जंत किंवा हगवण असलेल्या पिल्लाच्या शीचा रंग-पोत त्यावर स्पष्ट दिसतो. मात्र दत्तक जाण्याआधी दोन आठवडे तरी पुढच्या घरी वापरणार तीच लिटर सुरू करावी. कागदावर शिकलेलं पिल्लू नव्या घरात सोफ्यावरचा पेपर शोधतं.

खाणं

निपल चोखण्याऐवजी चावायला लागलं की वेळ झाली, साधारण चौथ्या आठवड्यात. रॉयल कॅनिनचं ‘मदर अँड बेबीकॅट’ मूस (मऊ लगदा) पावडरच्या दुधात कालवून पसरट ताटलीत द्यावं. तो बारीक पोत नुकते दात येणाऱ्या पिल्लाला जमतो. डबा १९५ ग्रॅमचा, एकट्या पिल्लाचा दोन दिवसांत संपत नाही, म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा गोठवून ठेवावा. पहिले दोन-तीन दिवस पिल्लू खाण्यात पाय घालून चालतं. बाटली एकदम बंद करू नये, एकेक वेळ कमी करावी.

पाउच घेताना नावापेक्षा बारीक अक्षरं वाचावीत. ‘संपूर्ण आहार’ आणि ‘पूरक आहार’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जेलीतली ट्यूना असलेली बरीच आयात पाकिटं पूरक असतात, म्हणजे चटणी-कोशिंबीर. पिल्लं त्यांवर तुटून पडतात आणि वाढ खुंटते. पिल्लांसाठीचं म्हणून विकलेलं, वाढीच्या काळाचा संपूर्ण आहार असं लिहिलेलं, कोरड्यात किमान ३० टक्के प्रथिनं असलेलं घ्यावं.

दूध-भात, दूध-पोळी हा आपल्याकडचा मांजराचा ठरलेला नैवेद्य. त्यावर मांजरं जगतात ती उंदीर आणि मासळीबाजाराच्या जोरावर. नुसतं उकडलेलं चिकन देणारी घरंही चुकतात. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही, महिनाभरात हाडं इतकी ठिसूळ होतात की खुर्चीवरून उडी मारून पाय मोडतो. सुकट-बोंबील खारट. कांदा-लसूण घातलेला कुठलाही रस्सा विषारी.

जंतुनाशक आणि औषधं

या भागात स्वस्त वस्तूंनी जास्त घात होतो. फिनेल मांजराच्या घरात नको. त्यातली फिनॉल-जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि पंजे चाटून ती पोटात जातात. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल त्याच कुळातलं, तेव्हा ट्रे धुवायला तेही नाही. बेन्झाल्कोनियम क्लोराईड असलेल्या सुगंधी फरशी-द्रवांनी जिभेला फोड येतात, आणि ज्यासाठी एवढी धुलाई चालली आहे त्या पॅनल्यूकोपेनियाच्या (मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाच्या) विषाणूवर त्यांचा भरवसा नाही. तो विषाणू घरात वर्षभर तग धरू शकतो. त्यावर चालतं ते साधं पाच टक्क्यांचं ब्लीच: लिटरभर पाण्यात ३० मिली, आधी साबणाने स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर, दहा मिनिटं ओलं ठेवून, मग भरपूर पाण्याने धुऊन. मळावर ओतलेलं ब्लीच वाया जातं. द्रावण रोज ताजं करावं. संडास धुण्याच्या ॲसिडसोबत कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो.

याच कारणाने वेताची टोपली, गालिचा चढवलेलं कॅट ट्री आणि कापसाच्या गाद्या फोस्टरघरात नापास. ब्लीच सोसत नाही ती वस्तू एका खेपेनंतर टाकावी लागते. घडीचा तारेचा ३० किंवा ३६ इंची पिंजरा, तळाला प्लॅस्टिकचा ट्रे, वर जुनी चादर: नव्या पिल्लाला घरातल्या मांजरांपासून १४ दिवस वेगळं ठेवायला याहून बरं काही नाही. फक्त गजांमधलं अंतर पाहून घ्यावं, चार आठवड्यांचं पिल्लू कुत्र्याच्या पिंजऱ्यातून सहज बाहेर येतं. नखं मारायला बाजारातला पुठ्ठा न घेता काथ्याचं पायपुसणं द्यावं. स्वस्त आहे आणि मळलं की सरळ टाकून देता येतं.

पिसवांसाठी लोखंडी दातांची बारीक फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी, रोज. लहान पिल्लाच्या अंगावर पिसवा जास्त झाल्या तर रक्त कमी होऊन ते मरू शकतं. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर थांबू नये. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या औषधांत बहुधा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला जीवघेणं. दुकानदार ‘अर्धंच टाका’ म्हणाला तरी नाही. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजनाची वही घेऊनच डॉक्टरांकडे जावं. तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत. रेबीज बारा आठवड्यांना. कुपीवरचं स्टिकर कार्डावर चिकटवून घ्यावं, तारीख आणि सहीसकट. नुसतं ‘लस दिली’ लिहिलेलं कार्ड पुढच्या डॉक्टरला उपयोगाचं नाही.

कॅरिअर आणि रवानगी

पाठीवरची बुडबुड्याची पारदर्शक बॅग रस्त्यात लोकांना आवडते. आत उन्हात भट्टी होते आणि वारा नावालाच. कापडी बॅगेची चेन पिल्लू नाकाने ढकलून उघडतं. कडक प्लॅस्टिकचं, वरूनही उघडणारं १८-१९ इंची कॅरिअर घ्यावं, कारण घाबरलेल्या मांजराला समोरच्या दारातून ओढण्यापेक्षा वरून उचलणं सोपं. रिक्षाच्या प्रवासात दाराला केबल टाय लावावा. रिक्षाला दारं नसतात आणि सिग्नलला उघडलेलं कॅरिअर म्हणजे हरवलेलं पिल्लू. कॅरिअर आठवडाभर आधीपासून घरात उघडं ठेवून त्यातच खायला द्यावं.

रवानगी आठ आठवड्यांच्या आत करू नये. वजन ८००-९०० ग्रॅमच्या पुढे, पहिली लस झालेली, कोरडं खाणं खाणारं, ट्रे ओळखणारं. दोन ते सात आठवड्यांच्या काळात माणसांची सवय लागते, म्हणून त्या दिवसांत वेगवेगळ्या हातांनी उचलणं, कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल हे सगळं कानावरून जाऊ द्यावं. एकाच खोलीत एकाच माणसाने वाढवलेलं पिल्लू नव्या घरात आठवडाभर पलंगाखाली बसतं.

घर पाहायला गेल्यावर खिडकीची जाळी हाताने ओढून बघावी. मुंबईत घरोघरी असलेली नायलॉनची कबुतरजाळी मांजर कुरतडतं, आणि उन्हाने दोन-तीन वर्षांत ती तशीही विरते. ‘अदृश्य ग्रिल’च्या तारांत दोन-तीन इंचांची फट असते, त्यातून पिल्लाचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीचं जातं. गंज न लागणारी तारेची बारीक जाळी, चौकटीला स्क्रूने आवळलेली, एवढीच पास. बाल्कनीला ती नसेल तर बसेपर्यंत पिल्लू आपल्याकडेच.

सोबत द्यायची पिशवी छोटी असावी: आत्ता चालू आहे तेच खाणं चार दिवसांचं, वापरलेल्या लिटरची मूठ, अंगाच्या वासाचं न धुतलेलं फडकं, लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, वजनाच्या वहीचा फोटो आणि नसबंदीची ठरवलेली तारीख. भाटी (मादी मांजर) चार महिन्यांतही गाभण राहू शकते, तेव्हा ‘वर्षाची झाली की करू’ असं म्हणणाऱ्या घराकडून ती तारीख दत्तक-कागदावर लिहून घ्यावी.